सुकटीची चटणी: जयंतीच्या पंगतीसाठी झटपट, चवदार आणि सुरक्षित



एप्रिल महिना म्हणजे आपल्या वस्तीत पाहुण्यांचा महिना. ११ एप्रिलला जोतिबांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. त्याच्या आगेमागे कोणाच्या घरी नामकरण, कोणाकडे साक्षगंध, कुठे महिला मंडळाची बैठक. पंचवीस-तीस माणसं घरी येतात आणि स्वयंपाक करणारी बाई एक किंवा दोन. मटण परवडत नाही, पनीर तर विचारायलाच नको. अशा वेळी नांदगाव खंडेश्वरपासून नेर, धामणगाव, दर्यापूरपर्यंत आपल्या घरांत एक पदार्थ हमखास होतो. तो म्हणजे सुकटीची चटणी. अर्ध्या तासात तयार, भाकरीच्या तुकड्यानं टिपून खायची, म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळ्यांना आवडणारी.

आरोग्याच्या पानावर चटणी कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं कारण साधं आहे. याच महिन्यात वऱ्हाडात पारा ४२-४३ च्या वर जातो आणि याच महिन्यात पंगती उठतात. दवाखान्यात नोकरी करताना एप्रिल-मेमध्ये पोटाच्या तक्रारींनी भरलेले वॉर्ड मी पुष्कळ पाहिले. त्यात जेवणाचा दोष कमी आणि जेवण ठेवण्याच्या पद्धतीचा दोष जास्त असतो. म्हणून या वेळी चटणीची कृती, तिच्यातलं पोषण आणि ती पंगतीत वाढताना घ्यायची काळजी, असं तिन्ही एकत्र लिहीत आहे.

समुद्र दूर, पण सुकट घरात

मुंबईचा समुद्र आपल्यापासून सहाशे किलोमीटरहून जास्त लांब. तरी आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकणारीचं दुकान असतंच. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. हा समुद्रातला अगदी बारीक झिंगा आहे. पालघर, वसई, वर्सोवा, उत्तन या किनाऱ्यावर कोळी भगिनी तो उन्हात वाळवतात. बोंबील बांबूच्या दांड्यांवर जोड्या-जोड्यांनी टांगून वाळवतात. वाळल्यावर पाणी निघून जातं, वजन हलकं होतं आणि बर्फाशिवाय माल शेकडो कोस प्रवास करू शकतो. फ्रीज नसलेल्या घरात महिनाभर टिकणारी मासळी ही एवढीच. गरिबाच्या घरी ती पोहोचली ती याच गुणामुळे.

ताजी मासळी आपल्याकडेही आहे. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणात, बाभूळगावजवळच्या बेंबळा प्रकल्पात रोहू, कटला, मृगळ मिळतात. भोई समाजातले बांधव ती पकडून विकतात. पण ती ताजी त्याच दिवशी शिजवावी लागते. पंचवीस माणसांच्या पंगतीला तेवढी एकदम मिळणं आणि निवडून काटे काढणं सोपं नाही.

या चटणीची आपल्या काही पोरींना लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. शहरात भाड्याची खोली घेताना मालकीण आधी विचारते, "तुम्ही मासे-मटण खाता का?" सुकट भाजल्याचा वास जिन्यात गेला की शेजारी नाक मुरडतात. वासावरून जात ओळखण्याची ही जुनी खोड आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याची नोंद करून ठेवली आहे. आपल्या ताटात काय होतं आणि का होतं, हे त्यातून कळतं. नर्स म्हणून मी एवढंच सांगते की शरीराला पदार्थाची प्रतिष्ठा कळत नाही, त्यातली प्रथिनं कळतात.

या चटणीत आहे तरी काय

ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वाळल्यावर तेच पाणी जातं आणि उरलेल्यात प्रथिनं एकवटतात. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात किंवा सुकटीत साधारण ६० ग्रॅम प्रथिनं असतात. १०० ग्रॅम कुणी खात नाही, हे खरं. पण २०० ग्रॅम सुकटीची चटणी पंचवीस जणांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४ ते ५ ग्रॅम प्रथिनं येतात. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. म्हणजे चटणीच्या दोन चमच्यांत जवळपास एका अंड्याची बरोबरी होते.

दुसरी गोष्ट कॅल्शियम. सुकट आपण कवचासकट खातो, म्हणून तिच्यातलं कॅल्शियम पोटात जातं. दूध ज्या घरात फक्त चहापुरतं येतं, तिथं हे मोठं आहे.

तिसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! आपल्या ज्वारीत, डाळीत, पालेभाजीत लोह आहे, पण ते शरीरात कमी शोषलं जातं. त्याच घासासोबत थोडी मासळी असली आणि वर लिंबू पिळलं, तर भाकरीतलं लोहसुद्धा जास्त लागू पडतं. म्हणून चटणीवर लिंबू हवंच. उलट जेवणानंतर लगेच चहा प्यायला तर चहा ते लोह अडवतो. पंगत उठली की लागलीच चहाची किटली फिरते, ती एक तास उशिरा फिरवा.

चौथी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्व. हातापायाला मुंग्या येणं, जीभ लाल होणं, थकवा येणं या तक्रारींमागे अनेकदा त्याची कमतरता असते. ते मासे, मांस, अंडी, दूध यांतूनच मिळतं, भाजीपाल्यातून मिळत नाही.

शाळेत पोरांना आठवड्यातून एक अंडं देण्याचा निर्णय राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये केला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. सरकारी ताटातून जे निघालं ते घरच्या ताटात कसं आणायचं, हा प्रश्न आता आपल्यावरच आला आहे. सुकट हे त्याचं एक स्वस्त उत्तर आहे.

बाजारातून घेताना

सुकट घेताना पाच गोष्टी पाहा.

१. मुठीत घेऊन दाबा. चांगली सुकट कुरकुरीत आणि मोकळी असते. ओलसर लागली, गोळा झाली तर घेऊ नका.

२. वास घ्या. मासळीचा वास येणारच. पण आंबूस, कुजका किंवा औषधासारखा उग्र वास आला तर परत ठेवा. किडे लागू नयेत म्हणून सुक्या मासळीवर कीटकनाशक मारल्याच्या तक्रारी होत असतात.

३. रंग पाहा. सुकट फिकट गुलाबी-पांढरट असते. भडक रंगाचा माल घेऊ नका. खाऱ्या मासळीवर गुलाबी-लाल चिकट थर दिसला किंवा बुरशीचे तपकिरी-काळे ठिपके दिसले तर तो माल खराब झालेला आहे. धुऊन, उन्हात घालून तो चांगला होत नाही.

४. हातात चोळून पाहा. तळहातावर रेती राहिली तर माल जमिनीवर वाळवलेला आहे. खाता येतो, पण निवडायला आणि धुवायला वेळ लागेल.

५. खारवलेली आहे का ते विचारा. सुकट आणि बोंबील बहुधा बिनमिठाचे वाळवतात, पण खारा बांगडा वगैरे मिठात मुरवलेले असतात. घरी आल्यावर एक दाणा चाखूनच मीठ ठरवा.

घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. पावसाळ्यात तिला ओल लागते, म्हणून पावसाळ्याआधी लागेल तेवढीच ठेवा.

पंचवीस माणसांसाठी साहित्य

सुकट २०० ग्रॅम
कांदे अर्धा किलो
टमाटर पाव किलो
लसूण ३ गड्डे
सुक्या लाल मिरच्या १५ (राजुरा बाजारची तिखट मिरची असेल तर १० पुरे)
भाजलेले शेंगदाणे १ वाटी
जिरे २ चमचे, हळद १ चमचा
तेल १ लहान वाटी
लिंबं ४
सांभार १ जुडी
मीठ सपाट १ चमचा, तेही चाखून

कृती

आदल्या संध्याकाळी: सुकट सुपात घेऊन पाखडा. खडे, कचरा, काड्या निवडा. तवा किंवा कढई मंद आचेवर ठेवून सुकट कोरडीच भाजा. ७-८ मिनिटं सतत हलवत राहा. रंग किंचित बदलला आणि बोटानं चुरता आली की उतरवा. जळू देऊ नका, जळाली की कडू होते. गार झाल्यावर सुपात हातानं हलकं चोळा आणि पुन्हा पाखडा. मिशा, डोकी, बारीक रेती निघून जाते. शेंगदाण्याचा जाडसर कूट करा. दोन्ही वेगवेगळ्या कोरड्या डब्यांत झाकून ठेवा. एवढं काम आधी करून ठेवायला हरकत नाही, कारण दोन्ही कोरडं आहे.

त्याच दिवशी, जेवणाच्या तासभर आधी: भाजलेली सुकट कोमट पाण्यात टाकून लगेच वर-वर काढा. रेती खाली बसते. दोनदा असं करा आणि घट्ट पिळून घ्या. भिजत ठेवू नका, चव जाते.

लसूण, मिरच्या, जिरे खलबत्त्यात किंवा पाट्यावर जाडसर वाटा. मिक्सर असेल तर दोन झटके द्या, गंध करू नका.

मोठ्या कढईत तेल तापवा. बारीक चिरलेला कांदा लाल होईपर्यंत परता. वाटण टाका, दोन मिनिटं परता. हळद आणि टमाटर टाकून टमाटर पूर्ण गळू द्या. मग सुकट टाका आणि मोठ्या आचेवर चांगली वाफ येईपर्यंत ८-१० मिनिटं परता. उन्हात वाळवल्यानं सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून हे परतणं अर्धवट सोडू नका. शेवटी शेंगदाण्याचा कूट घाला. टिपून खाण्यासारखी पातळ हवी असेल तर वाटीभर उकळतं पाणी घालून एक उकळी द्या. उतरवल्यावर लिंबू आणि सांभार.

पोरांसाठी मिरची घालण्याआधीच चार डाव वेगळे काढून ठेवा. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, काकडीच्या फोडी, गाजर, मुळा यांच्यासोबत वाटीत द्या. पोरं भाजी खात नाहीत म्हणून आया रडतात. तीच पोरं चटणीत बुडवून गाजर कुरकुर खातात.

कोरडी हवी असेल तर कांदा-टमाटर वगळा. सुकट न धुता चालणार नाही, म्हणून आधी धुऊन कडक उन्हात वाळवा, मग भाजा. लसूण तेलात कुरकुरीत तळून, मिरची आणि कुटासोबत सगळं कुटा. पाण्याचा हात लागू दिला नाही तर ही आठवडाभर टिकते. कामावर, शेतात, वसतिगृहात डब्याला हीच न्यावी.

ताजा रोहू किंवा कटला मिळाला तर त्याचीही अशीच चटणी होते. हळद-मीठ लावून वाफवा, गार करून काटे काढा, हिरव्या मिरचीच्या ठेच्यात कुस्करून लिंबू पिळा. पण हे काटे बारीक आणि दुहेरी असतात. दोन माणसांनी उजेडात बसून बोटांनी तपासल्याशिवाय पोरांच्या ताटात देऊ नका. काटा घशात अडकलाच तर भाताचा गोळा किंवा केळं गिळून तो ढकलायचा प्रयत्न करू नका, त्यानं तो अधिक रुतू शकतो. रुग्णालयात जा.

पंगतीतले पाच नियम

पहिला नियम हातांचा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना स्वच्छ राहायला सांगितलं होतं. ते आरोग्याचंही सूत्र आहे. साबणानं हात धुऊनच स्वयंपाकाला लागा. बोटाला पिकलेली जखम, गळू असेल तर त्या बाईनं त्या दिवशी वाटण-मळण किंवा वाढप्याचं काम करू नये. जखमेतले काही जंतू अन्नात विष तयार करतात आणि ते विष पुन्हा उकळल्यानंही जात नाही.

दुसरा नियम वेळेचा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. एप्रिलच्या मांडवात तर एकच तास धरा. आपल्याकडे कार्यक्रमाची वेळ अकराची असते, पाहुणे एकला येतात आणि भाषणं तीनपर्यंत चालतात. म्हणून चटणी सकाळी करून ठेवू नका. शेवटचा वक्ता उभा राहिला की कढई चढवा!

तिसरा नियम आचेचा. उशीर झालाच तर गंज मंद आचेवर ठेवा, वाफ येत राहिली पाहिजे. कोमट अन्नात जंतू सगळ्यात झपाट्यानं वाढतात. एकदम गरम किंवा एकदम थंड, मधलं नको.

चौथा नियम डावाचा. चटणीचा डाव वेगळा ठेवा. तोच डाव कोशिंबिरीत, भातात घालू नका. ताटातलं उरलेलं परत गंजात टाकू नका. कच्ची मासळी कापलेला विळा आणि पाट साबणानं धुतल्याशिवाय काकडीला लावू नका.

पाचवा नियम पाटीचा. गंजासमोर एक कागद लावा: "यात मासळी व शेंगदाणे आहेत." काहींना झिंग्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं ही तिची लक्षणं. श्वास लागला तर ताक-लिंबू देत बसू नका, १०८ ला फोन करा आणि तडक रुग्णालय गाठा. काही जण मासळी खात नाहीत, त्यांचाही मान त्या कागदानं राखला जातो. बुद्ध पौर्णिमेला किंवा विहारातल्या उपोसथाच्या दिवशी बहुतेक ठिकाणी शाकाहारच असतो. तेव्हा सुकटीऐवजी जवस-शेंगदाण्याची चटणी करा, कृती तीच.

बांगडा, कुपा यांची एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. हे मासे पकडल्यावर गार ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, खाज, डोकं ठणकणं, छातीत धडधड असं होतं. म्हणून शिळा, मऊ पडलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

कोणी जपून खावी

"ताई, मले बीपीची गोळी चालू हाये, चटणी खाऊ का वो?" हा प्रश्न मला प्रत्येक वस्तीत येतो. दिवसाला एका माणसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला हाच आहे. आपल्या ताटात लोणचं, पापड, चटणी, वरून मीठ असं चौघांचं मीठ एकत्र येतं. बीपीवाल्यांनी बिनमिठाची सुकट घालून केलेली ही चटणी दोन चमचे खावी आणि त्या दिवशी पापड-लोणचं सोडावं. खारवलेली मासळी मात्र टाळावी. किडनीचा आजार असेल किंवा युरिक ॲसिड वाढून सांधे सुजत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

"माय, बाळंतिणीले मासे देऊ नाई म्हंतेत, दुधाले वास येते." हा गैरसमज आहे. बाळंतिणीला आणि गरोदर बाईला प्रथिनं, कॅल्शियम, लोह सगळ्यात जास्त लागतं. नीट शिजवलेली, कमी तिखटाची मासळी तिला जरूर द्या. घरच्या पुरुषांच्या पंगतीनंतर उरलेलं नको, आधी तिचं ताट वाढा.

"मासे खाल्ल्यावर दूध पेलं तं अंगावर कोड येते." हाही गैरसमज. कोड म्हणजे त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट होणं. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं ते होत नाही आणि ते कोणाच्या स्पर्शानं पसरतही नाही. पाहिजे तर चटणी दह्यात कालवून खा.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरणभातासोबत काटे काढलेली, बिनतिखटाची मऊ शिजवलेली मासळी थोडी थोडी सुरू करता येते. सुकटीची तिखट चटणी मात्र त्याला नको.

सिकलसेलच्या घरांसाठी

हा भाग प्रत्येक घरानं वाचावा. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल आहे. यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडा-सांध्यांत असह्य दुखतं. हा आजार आई-वडिलांकडून येतो. करणी, नजर, पाप यांचा काही संबंध नाही.

जयंतीच्या दिवसाशी याचा थेट संबंध आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. एप्रिलचं ऊन, मिरवणुकीतलं नाचणं, त्यावर तिखट-खारट जेवण आणि पाणी कमी. दुसऱ्या दिवशी पोरगं कण्हत पडतं आणि घरचे म्हणतात, "कालच्या जेवणानं झालं." चटणी खाल्ल्यानं झटका येत नाही, पाणी कमी पडल्यानं येतो. अशा पोराला मिरवणुकीत दर अर्ध्या तासानं पाणी पाजा, सावलीत बसवा, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका. ताप आला, छातीत दुखलं, दम लागला तर घरी थांबू नका.

आणखी एक. रक्त कमी असलेल्या प्रत्येकाला लोह कमी असतंच असं नाही. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त पेशी लवकर मोडल्यामुळे कमी होतं. त्यानं मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं आणून खाऊ नयेत, डॉक्टर तपासून सांगतील तरच घ्याव्यात. पंगतीतली मासळी मात्र त्यानं बिनधास्त खावी, ते अन्न आहे.

पोट बिघडलंच तर

इतकी काळजी घेऊनही कोणाला जुलाब-उलट्या झाल्या तर पहिलं औषध पाणी. ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे मिळतं. नसेल तर घरी करा: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर लहान पोराला धोका आहे, म्हणून चाखून पाहा, अश्रूपेक्षा खारट नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. पोरांना झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, जुलाब थांबले तरी. जुलाब बांधणारी गोळी पोरांना आपल्या मनानं देऊ नका.

शौचात रक्त पडणं, सहा तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं, पोर सुस्त पडणं, पाणीही पोटात न राहणं, जोराचा ताप येणं, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय पुरे. ग्रामीण रुग्णालयात न्या. दोन-चार घरांत एकाच वेळी त्रास सुरू झाला तर आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, हे न लपवता सांगा. पंगतीची बदनामी होईल म्हणून गप्प बसण्यानं पुढच्या घरातलं पोर धोक्यात येतं.

यंदा एक काम जोडून करा

जयंतीला वर्गणी जमते, मंडप पडतो, माणसं एका जागी येतात. त्याच मंडपात सकाळी दोन तास हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी ठेवता येते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मंडळाच्या नावानं आठ-दहा दिवस आधी लेखी पत्र द्या, पत्राची पोच घ्या, आशाताईंना बैठकीला बोलवा. सरकारी सिकलसेल तपासणीला पैसे लागत नाहीत. पहिल्या तपासणीत काही आढळलं तर पुढची पक्की तपासणी करून कार्ड मिळतं. लग्न ठरवण्याच्या वयातल्या मुला-मुलींनी ती आधी करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे दोघांना माहीत असलं पाहिजे.

पत्राचा मसुदा महिला मंडळाच्या बैठकीत पाच मिनिटांत लिहून होतो. दोघींनी पत्र घेऊन आरोग्य केंद्रात जावं, बाकीच्यांनी सुकट निवडायला बसावं.